वजनकाट्यावर न येणारी धूळ

एकच माल दोन कचेऱ्यांत दोन नावांनी कसा वावरतो, याचा नमुना पाहावयाचा असेल तर नॅनो पदार्थांच्या व्यापाराकडे पाहावे. पेटंटसाठी अर्ज करताना उत्पादक छातीठोकपणे सांगतो की, आपला पदार्थ सर्वस्वी नवा आहे. त्याच्या अंगचे गुण यापूर्वी कोणत्याही पदार्थात नव्हते. रंगाच्या डब्यावर, मोज्यांच्या वेष्टनावर, टेनिसच्या रॅकेटवर ‘नॅनो’ हा शब्द ठळक अक्षरांत छापला जातो आणि ग्राहक त्यासाठी चार पैसे अधिकही मोजतो. परंतु हाच पदार्थ पोत्यात भरून कारखान्याच्या दारात उतरला आणि तो हाताळणाऱ्याच्या प्रकृतीचा प्रश्न निघाला, की भाषा पालटते. यात नवे ते काय? हा तर जुनाच कार्बन, जुनीच चांदी, रंगात वर्षानुवर्षे पडत आलेले जुनेच टायटॅनियम! विकताना नवा आणि तपासताना जुना, असा हा दुटप्पी माल आहे.

हा केवळ शब्दच्छल असता तर त्याकडे काणाडोळा करता आला असता. परंतु त्यामागे आकडे आहेत आणि ते बोलके आहेत. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांना कार्बन नॅनोट्यूब म्हणतात. त्यांच्यासोबत येणाऱ्या कित्येक सुरक्षा-माहितीपत्रकांत ग्राफाइटची मर्यादा छापलेली आढळत आली आहे. कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही कार्बनच. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे कृत्रिम ग्राफाइटच्या, फुप्फुसात खोलवर जाऊ शकणाऱ्या धुळीची मर्यादा हवेच्या दर घनमीटरला ५ मिलिग्रॅम आहे. त्याच अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, म्हणजे ‘नायॉश’ने, २०१३ साली कार्बन नॅनोट्यूबसाठी सुचविलेली मर्यादा आहे दर घनमीटरला १ मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. म्हणजे जुन्या नावाखाली जी हवा निर्धोक ठरते, ती नव्या नावाखाली ५,००० पट दूषित असू शकते. पोते तेच, ते फोडणारा माणूसही तोच. फरक फक्त कागदावरील नावाचा.

या ५,००० पटीच्या मागे कोणती किमया आहे, हे समजण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश. माणसाचा केस साधारणतः ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो आणि १ ते १०० नॅनोमीटरच्या टप्प्यातील पदार्थांना नॅनो पदार्थ म्हणतात. आता एक सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या, सोंगटीच्या फाशाएवढा. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ मिळून सहा चौरस सेंटिमीटर भरेल. तोच घन एकेक नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत फोडला, तर त्या सर्व ठोकळ्यांचे मिळून पृष्ठफळ होते ६,००० चौरस मीटर, म्हणजे दीड एकराच्या आसपास, जवळजवळ साठ गुंठे. वजन रतिभरही वाढलेले नाही. पण पदार्थाचे इतर पदार्थांशी, आणि अर्थातच शरीराच्या पेशींशी, जे देणेघेणे चालते ते पृष्ठभागावर चालते. फाशाएवढ्या तुकड्याची साठ गुंठे झाली, की तो पदार्थ पूर्वीसारखा वागत नाही. उत्पादकाला हवा असतो तो गुण नेमका हाच आणि कामगाराला भोवण्याची शक्यता आहे तो अवगुणही हाच. दोघांचे मूळ एकच असल्यामुळे गुण तेवढा ठेवून अवगुण नाकारता येत नाही.

शिवाय कणांची संख्या आहेच. १० मायक्रॉनच्या एका धूलिकणाचे जेवढे वजन, तेवढ्याच वजनात १०० नॅनोमीटरचे दहा लाख कण मावतात. कारखान्यातील हवा जोखण्याची आजवरची पद्धत मुख्यतः वजनाची आहे. गाळणपट्टीवर धूळ जमवावयाची आणि काट्यावर घालावयाची. नॅनोकण या काट्यावर येतच नाहीत म्हटले तरी चालेल. काटा शून्य दाखवितो आणि तपासनीस ‘समाधानकारक’ असा शेरा मारून निघून जातो. यात त्याचाही दोष नाही. त्याच्या हाती दिलेले मापच चुकीचे आहे. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत कायद्याने फार पूर्वीच वजन सोडून तंतूंची मोजदाद स्वीकारली. म्हणजे वजनाऐवजी संख्या मोजणे ही काही कायद्याला न पेलणारी गोष्ट नव्हे.

न मोजण्याचा परिणाम काय होतो, हे बीजिंगमधील एका प्रकरणात स्पष्ट दिसले. २००९ साली ‘युरोपियन रेस्पिरेटरी जर्नल’ या नियतकालिकात तेथील डॉक्टरांनी सात स्त्री-कामगारांची हकीकत प्रसिद्ध केली. वय १८ पासून ४७ पर्यंत. पॉलिॲक्रिलेटचा लेप फवाऱ्याने प्लॅस्टिकच्या तक्त्यांवर बसवावयाचा आणि ते तक्ते तापवून वाळवावयाचे, असे त्यांचे काम. पाच ते तेरा महिने त्यांनी ते केले. कामाची खोली सुमारे ७० चौरस मीटर. दार एक, खिडकी नाही. हवा ओढून बाहेर टाकणारे यंत्र होते, पण ते बिघडून पाच महिने झाले होते. बाहेर थंडी, म्हणून दारही लावून घेतलेले. तोंडावर क्वचित कधी सुती कापडाची पट्टी. एकीमागून एक साऱ्याजणींना धाप लागू लागली. चेहऱ्यावर व हातांवर पुरळ उठले. फुप्फुसांच्या आवरणात पाणी झाले आणि ते काढले तरी पुन्हा भरू लागले. त्या पाण्यात आणि फुप्फुसांच्या पेशींत डॉक्टरांना ३० नॅनोमीटरच्या आसपासचे कण आढळले. सात जणींपैकी दोघी दगावल्या.

या लेखावर जगभरच्या तज्ज्ञांत वाद झाला. नॅनोकणांमुळेच हे घडले असे कशावरून? तापविलेल्या प्लॅस्टिकच्या वाफा नसतील कशावरून? त्या खोलीतील हवेत नेमके काय आणि किती होते, हे कोणी मोजले होते? कोणीही मोजले नव्हते. शास्त्र म्हणून हे आक्षेप रास्तच आहेत आणि नॅनोकणांमुळे झालेला पहिला मृत्यू असे बिरुद या घटनेला लावणे घाईचे ठरेल. परंतु शास्त्राचा न्याय आणि नुकसानभरपाईचा न्याय यांत येथे एक विलक्षण अंतर पडते. हवा मोजण्याची जबाबदारी ज्याची, त्याने ती मोजली नाही. आणि ती मोजली नाही म्हणून कारण सिद्ध होत नाही. आणि कारण सिद्ध होत नाही म्हणून जबाबदारीही कोणाची ठरत नाही. स्वतःचा निष्काळजीपणा हाच ज्यात बचाव ठरतो, असा हा व्यवहार आहे. आणि एक गोष्ट या सर्व वादात बाजूलाच राहिली. दोष नॅनोकणांचा असो, वाफांचा असो की दोहोंचा असो, बिघडलेला पंखा दुरुस्त केला असता तर बहुधा दोन्हींपासून बचाव झाला असता. पंखा दुरुस्त करावयास नॅनोविज्ञान लागत नाही.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो आणि तो पुष्कळ जवळचा आहे. ॲडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, जे काम अधिक कष्टाचे वा अधिक अप्रिय, त्याची मजुरी इतर कामांच्या तुलनेने अधिक असते. पुढे या विचारातून एक सोयीचा सिद्धान्त निघाला: धोक्याच्या कामाला बाजार आपोआप अधिक मजुरी देतो, म्हणून सरकारने मध्ये पडण्याचे कारण नाही. ज्याला जिवाची पर्वा अधिक त्याने कमी मजुरीचे काम धरावे, ज्याला पैशाची निकड त्याने धोका पत्करावा. हा सिद्धान्त खाणीच्या किंवा उंच इमारतीच्या कामालाही फारसा लागू पडत नाही, कारण निकड असलेला माणूस निवड करीत नसतो. तरीही वादापुरता तो मान्य केला, तर त्याला निदान एक अट आहे: धोका किती हे कामगाराला ठाऊक असले पाहिजे. नॅनो पदार्थांच्या बाबतीत ते कामगाराला ठाऊक नाही, मालकाला ठाऊक नाही आणि पुष्कळ पदार्थांबाबत शास्त्रज्ञांनाही पुरते ठाऊक नाही. ज्या धोक्याची कोणालाच कल्पना नाही त्याची किंमत मजुरीत उतरेल कशी? पांढरी पूड मिसळणाऱ्याला तेवढीच मजुरी मिळते जेवढी पीठ मिसळणाऱ्याला.

शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. जिचे गणित मांडता येते ती जोखीम. तिचा विमा उतरविता येतो, ती खर्चात धरता येते. जिचे गणितच मांडता येत नाही ती अनिश्चितता. आणि नाइट यांच्या मते उद्योजकाला नफा मिळतो तो ही अनिश्चितता शिरावर घेतल्याबद्दल. नफ्याचे याहून सुसंस्कृत समर्थन क्वचितच कोणी केले असेल. आता हा मापदंड नॅनो उद्योगाला लावून पाहा. येथील सर्वांत मोठी अनिश्चितता बाजारातील नाही. ती श्वासातील आहे. ती कोणाच्या शिरावर आहे? ज्याच्या नावावर नफा जमा होतो त्याच्या नव्हे. ती पोते फोडणाऱ्याच्या, भट्टीतून पूड खरवडून काढणाऱ्याच्या, गाळणपट्ट्या झटकणाऱ्याच्या, पाळी संपताना जमीन झाडणाऱ्याच्या छातीत उतरते. नफ्याचे समर्थन अनिश्चिततेने करावयाचे आणि अनिश्चितता मात्र दुसऱ्याच्या पदरात टाकावयाची, हा नाइट यांच्या तर्काचा विपर्यास होय.

विमा कंपन्यांना हे फार लवकर उमगले. स्विस री या पुनर्विमा कंपनीने २००४ सालीच नॅनो तंत्रज्ञानावर एक अहवाल काढला आणि त्यातील अज्ञात गोष्टींकडे बोट दाखविले. त्याच वर्षी ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने आणि तेथील अभियांत्रिकी अकादमीने शिफारस केली की, कारखान्यांनी व प्रयोगशाळांनी नॅनोकण आणि नॅनोट्यूब धोकादायक आहेत असे समजूनच ते हाताळावेत. विमा कंपन्यांची ही जागरूकता परोपकारातून आलेली नव्हती. ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांनी त्यांचे हात पोळले होते.

ॲस्बेस्टॉसचे नाव येथे पुनःपुन्हा येते ते केवळ भीती घालण्यासाठी नव्हे. ते खनिजही एके काळी जादूचे म्हणून गाजले होते. जळत नाही, कुजत नाही, सुतासारखे विणता येते. ब्रिटनच्या स्त्री-कारखाना-निरीक्षकांनी १८९८ सालच्या अहवालात त्याच्या धुळीचा अपाय नोंदविला. १९२४ साली रॉचडेल येथील नेली केरशॉ ही कामगार स्त्री वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मरण पावली आणि तिच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसचे कण सापडल्याचे डॉक्टरांनी लिहून ठेवले. १९३१ साली धूळ आटोक्यात ठेवण्याचे नियम झाले. ॲस्बेस्टॉसवर ब्रिटनमध्ये संपूर्ण बंदी आली ती १९९९ साली. पहिल्या सूचनेपासून बंदीपर्यंत एकशे एक वर्षे! या शतकात पुरावा नव्हता असे नाही. तो दरवेळी ‘अजून पुरेसा’ नव्हता. आपल्याकडे तर छपराच्या पत्र्यांसाठी आयात केलेले ॲस्बेस्टॉस आजही वापरले जाते. मुंबईतील ॲस्बेस्टॉसच्या एका कारखान्यातील १८१ कामगारांची तपासणी करून डॉक्टर व कार्यकर्त्यांनी २००५ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत पाचांतील एकाहून अधिक कामगारांना ॲस्बेस्टॉसिस हा फुप्फुसांचा न बरा होणारा रोग जडलेला आढळला. हा रोग उघड व्हावयास वीस-वीस, तीस-तीस वर्षे जातात. कामगार निवृत्त झालेला असतो, कारखान्याची जागा विकली गेलेली असते आणि हजेरीपट कोठे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही.

नॅनोट्यूबची ॲस्बेस्टॉसशी तुलना कल्पनेतून निघालेली नाही. २००८ साली एडिंबरोच्या केनेथ डोनाल्डसन यांनी सहकाऱ्यांसह उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, लांब व सरळ कार्बन नॅनोट्यूब उदरपोकळीच्या अस्तरात ॲस्बेस्टॉससारखाच दाह निर्माण करतात. फुप्फुसात शिरलेला परका कण गिळून टाकण्याचे काम ज्या भक्षक पेशी करतात, त्यांना आपल्यापेक्षा लांब सुई गिळता येत नाही. त्या अर्धवट गिळतात आणि दाह मात्र चालू राहतो. आखूड व गुंतलेल्या नळ्यांनी त्याच प्रयोगांत तसे काही केले नाही. ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे, कारण ‘नॅनो’ हे एकच विशेषण सर्वांना लावून सरसकट घबराट पसरविणे चुकीचे ठरेल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही २०१४ साली विशिष्ट एका प्रकारच्या नॅनोट्यूबलाच ‘कर्करोगकारक असू शकेल’ अशा वर्गात घातले; बाकीच्यांविषयी पुरावा अपुरा म्हणून निर्णय राखून ठेवला. रॅकेटच्या दांड्यात पक्क्या बसलेल्या नॅनोट्यूबपासून खेळाडूला भिण्याचे कारण नाही. करोना साथीतील काही लशी तर मेदाच्या नॅनोकणांवर स्वार होऊनच शरीरात गेल्या. धोका आहे तो सुट्या, कोरड्या, उडणाऱ्या पुडीचा. आणि ती ग्राहकाच्या हाती क्वचितच येते. गंमत अशी की, उन्हापासून बचाव करणाऱ्या मलमातील नॅनोकणांवर वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने भरतात. ती पूड गोणीतून हौदात ओतणाऱ्याची बातमी होत नाही.

पुरावा अपुरा असेल तर मग करावयाचे काय, असा प्रश्न कारखानदार विचारतात. त्याचे उत्तर आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. कण कितीही अद्भुत असला तरी त्याला अडविण्याच्या युक्त्या जुन्याच आहेत. पूड कोरडी न हाताळता शक्य तेथे पाण्यात किंवा तेलात कालवूनच मागवावी. अंगण झाडण्यापूर्वी पाणी शिंपडणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व ठाऊक आहे. ओतणे, चाळणे, तोलणे ही कामे बंदिस्त पेटीत करावीत. जेथे पूड उडते तेथेच हवा ओढून घ्यावी. जमीन कोरड्या झाडूने झाडू नये, दाबाच्या हवेने यंत्रे फुंकू नयेत, ओल्या फडक्याने पुसावीत. कामाचे कपडे कारखान्यातच धुवावेत, म्हणजे धूळ घरातील मुलांपर्यंत जाणार नाही. तोंडावरचा मास्क हा यातील शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आपल्याकडे मात्र बहुधा तो एकमेव उपाय असतो आणि तोही तपासनीस येण्याच्या दिवशी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एवढे बारीक कण कोणती गाळणी अडविणार, असे म्हणून पुष्कळजण हात टेकतात. गाळणी म्हणजे चाळणी, अशी यामागे समजूत आहे. आणि चाळणीतून बारीक ते निसटणारच. परंतु तंतूंची गाळणी चाळणीसारखे काम करीत नाही. फार मोठे कण तंतूंवर सरळ आदळून अडकतात. फार लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि भरकटता भरकटता तंतूंना जाऊन चिकटतात. निसटतात ते मधल्या आकाराचे, सुमारे ३०० नॅनोमीटरचे. उत्तम प्रतीची ‘हेपा’ गाळणी म्हणूनच या सर्वांत अवघड आकारावर तपासली जाते आणि तेथे ती ९९.९७ टक्के कण अडविते; त्याहून लहान कण ती अधिकच चांगले अडविते. म्हणजे विज्ञान येथे कामगाराच्या बाजूने उभे आहे. अडचण गाळणीची नाही, गाळणी बसविण्याच्या खर्चाची आहे. आणि तो खर्च, नॅनो पदार्थ ज्या भावाने विकले जातात तो पाहता, उद्योग बुडावा असा मुळीच नाही. हा खर्च टाळला की तो नाहीसा होत नाही. तो कामगाराच्या घरातील औषधाच्या बिलात, सरकारी इस्पितळाच्या खाटेवर, शाळा सोडून कामाला लागलेल्या मुलाच्या नावावर पडतो. पिगू यांनी १९२० साली ज्याला समाजावर पडणारा खर्च म्हटले, त्याचे याहून शुद्ध उदाहरण पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही.

आपल्या देशाने नॅनो विज्ञानावर पैसा खर्च करण्यात हात आखडता घेतलेला नाही. २००७ साली केंद्र सरकारने ‘नॅनो मिशन’ हाती घेतले आणि पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांची तरतूद केली. त्याच मिशनच्या वतीने पुढे नॅनो पदार्थ सुरक्षितपणे हाताळण्याविषयी दिशादर्शक सूचनाही तयार झाल्या. त्या वाचनीय आहेत, समंजस आहेत. फक्त त्यांना कायद्याचे बळ नाही. फ्रान्समध्ये २०१३ पासून नॅनो पदार्थ बनविणाऱ्या, आयात करणाऱ्या व पुरविणाऱ्यांना त्यांची दरवर्षी सरकारकडे नोंद करावी लागते. आपल्याकडे असा कोणता पदार्थ कोणत्या शेडमध्ये किती किलो येतो, याची एकत्र यादी कोणत्याही टेबलावर मिळावयाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली नॅनो पदार्थांपासून कामगारांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील मुख्य आग्रह श्वासावाटे होणारा संपर्क कमी करण्याचा आहे. परंतु पदार्थ कोठे आहे हेच ठाऊक नसेल, तर संपर्क कमी कोणी कोठे करावयाचा?

ही उणीव भरून काढण्यास आजच्याइतका योग्य काळ नाही. भोपाळच्या १९८४ सालच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण घातले गेले आणि हवेतील विषारी द्रव्यांच्या मर्यादांचे परिशिष्ट जोडले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा तो अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. विषारी द्रव्यांच्या कमाल मर्यादा ठरविण्याचे काम या संहितेने राज्य शासनाच्या नियमांवर सोपविले आहे. म्हणजे महाराष्ट्राला दिल्लीकडे बोट दाखविता येणार नाही. जुन्या परिशिष्टातील मिलिग्रॅमचे आकडे नव्या नियमांत जसेच्या तसे उतरविले, तर वजनकाट्यावर न येणारी धूळ पुन्हा एकदा कायद्याच्या बाहेर राहील. संहितेत कारखान्याची व्याख्या विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहाऐवजी वीस कामगारांवर नेण्यात आली, हे तर आणखी चिंतेचे. कारण पूड मिसळण्याची, लेप चढविण्याची, घासण्याची कामे बहुतेक लहान शेडमध्येच दिली जातात. मात्र त्याच संहितेत एक दार उघडे आहे. धोक्याचे काम म्हणून शासनाने अधिसूचना काढली, तर एकाच कामगाराच्या ठिकाणीही संहितेच्या तरतुदी लागू करता येतात. कोरड्या नॅनो पुडीची हाताळणी या अधिसूचनेत घालण्यास कोणत्या पुराव्याची वाट पाहावयाची आहे?

दुसरी निकड नोंदींची. नुकसानभरपाईच्या कायद्यात १९२३ पासून एक तत्त्व चालत आले आहे: परिशिष्टात नमूद केलेल्या कामातील कामगाराला तेथे नमूद केलेला रोग झाला, तर तो कामामुळेच झाला असे धरून चालावयाचे, तसे नसेल तर मालकाने सिद्ध करावे. परिशिष्टाबाहेरच्या रोगाला हा आधार नाही. तेथे सिद्ध करण्याचा भार कामगारावर. ज्याच्या हाती ना हवेचे मोजमाप, ना पदार्थाचे नाव, त्याने काय सिद्ध करावयाचे? म्हणून निदान एवढे तरी व्हावे की, कोणी, कोणत्या तारखांना, कोणता पदार्थ, कोणत्या स्वरूपात हाताळला, याची नोंद राहावी. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाखालील मूलभूत हक्क मानला आणि कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोवर जपून ठेवण्यास फर्माविले. हाच दंडक नॅनो पदार्थांना लावावयास नवे तत्त्वज्ञान नको. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत ही नोंद मूळ कारखान्याकडे असावी, कंत्राटदाराकडे नव्हे. कंत्राटदार बदलला की त्याच्या वह्याही बदलतात.

आणखी एक वर्ग असा आहे की तो कोणत्याच कायद्यात कामगार म्हणून मोजला जात नाही, पण पूड मात्र तोही हाताळतो. तो म्हणजे महाविद्यालयांतील व विद्यापीठांतील संशोधक विद्यार्थी. पीएच.डी.च्या प्रबंधांत नॅनो हा शब्द अलीकडे किती वेळा येतो हे प्राध्यापक मंडळींना सांगावयास नको. २०१४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात २६ वर्षांच्या एका रसायनतज्ज्ञ तरुणीची हकीकत आली. तिने निकेलची नॅनो पूड साध्या टेबलावर, उघड्यावर तोलली. एकेका वेळी एक-दोन ग्रॅम, अधिक नाही. तिचा घसा धरला, नाक चोंदले, चेहरा लाल होऊ लागला. आणि पुढे कानांतली कर्णभूषणे व पट्ट्याचे बक्कलही तिला सोसेनासे झाले, कारण शरीराने निकेलशी कायमचे वैर धरले होते. ती शिकलेली होती, पदार्थाचे नाव तिला ठाऊक होते आणि हवा ओढून घेणारे कपाट प्रयोगशाळेत असतेच. आपल्या कित्येक महाविद्यालयांतही असे ‘फ्यूम हूड’ आहे. त्यात बहुधा रिकाम्या बाटल्या, जुनी जर्नले आणि मोडक्या ब्युरेट ठेवलेल्या असतात. जूनमध्ये नवे वर्ग सुरू होण्यापूर्वी त्या बाहेर काढून आतला पंखा फिरतो की नाही हे पाहावयास विद्यापीठाच्या परिपत्रकाची गरज नाही.